संपानंच गिरण्या बुडवल्या का?

"युनियनमुळे मुंबईच्या गिरण्या बुडाल्या," हे आपण लहानपणापासून ऐकतोय. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबला, संसार मोडले. कुठवर ताणायचं, हा हिशेब चुकलाच. पण यंत्रं आधीच जुनाट झाली होती, आणि कापडाचं काम आपल्या इचलकरंजीसारख्या गावांतल्या यंत्रमागांकडे सरकत होतं. पुढं १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. आणि तो संप तर मुंबईचा. मग १९०६ साली राजर्षी शाहूंनी सुरू केलेली आपली शाहू मिल का बंद पडली? युनियनला जाब विचारा; पण मालक आणि सरकारलाही सोडू नका. भेटू पुढच्या भागात!