उजव्या हाताची दोन बोटं: पियानिस्ट लिऑन फ्लायशर

आज कोडिंग नाही, करिअर टिप्स नाहीत, आज पियानो. थांबा, लगेच स्किप करू नका. वेस्टर्न क्लासिकल मलाही फार कळत नाही. राग ओळखता येत नसला तरी भीमसेनजी मन लावून ऐकणारे लोक असतात ना, मी त्यातला. पण लिऑन फ्लायशरची गोष्ट दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आपल्यासारख्यांनी ऐकायलाच हवी.

फ्लायशरचा जन्म 1928 चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. नऊ-दहा वर्षांचा असताना तो आर्टुर श्नाबेल या मोठ्या पियानिस्टकडे शिकायला गेला. आपल्याकडे घराणं असतं, तसंच इथे बघा. श्नाबेलचा गुरू लेशेटित्स्की, त्याचा गुरू चेर्नी, आणि चेर्नीचा गुरू साक्षात बीथोवन! सोळाव्या वर्षी, म्हणजे 1944 मध्ये, फ्लायशर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवत होता. 1952 मध्ये त्याने ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. पुढे कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर त्याने बीथोवन आणि ब्राम्सचे कॉन्सर्टो रेकॉर्ड केले. कॉन्सर्टो म्हणजे एका बाजूला सोलो वादक, दुसऱ्या बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि दोघांमध्ये रंगलेला संवाद. ती रेकॉर्डिंग्ज लोक आजही शोधून ऐकतात.

आणि मग 1960 च्या दशकाच्या मध्यात, पस्तिशीच्या आसपास, उजवा हात ऐकेनासा झाला. आधी बोटं जरा जड वाटायला लागली. त्याने काय केलं? रियाज वाढवला. हात आणखी बिघडला, तसा त्याने रियाज आणखी वाढवला. शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप तळहाताकडे वळायला लागली. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर सोव्हिएत युनियनचा दौरा ठरला होता, तोही हातचा गेला.

या आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक, बिघाड कंट्रोल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मेंदू प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम देतो. या आजारात ते हुकूम एकमेकांत मिसळतात, नको ते स्नायू आवळले जातात. गंमत म्हणजे बऱ्याचदा हे ठरावीक कामापुरतंच असतं. लिहिताना हात आखडणं, म्हणजे रायटर्स क्रॅम्प, हा त्याचाच भाऊ. आणि चुकीच्या पद्धतीने पुन्हा पुन्हा तेच करत राहिलं, तर मेंदू ती चूकच पाठ करतो. म्हणजे जी मेहनत त्याला वर घेऊन गेली, तीच इथे उलटली.

त्या काळात डॉक्टरांना नेमकं निदानही करता येईना. जीव नकोसा झाला होता, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की आपलं नातं संगीताशी आहे, फक्त दोन हातांनी पियानो वाजवण्याशी नाही. तो कंडक्टिंगकडे वळला. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत तो आधीपासून शिकवत होता, तिथे अजून जीव ओतून शिकवायला लागला. आणि डाव्या हाताने वाजवायला लागला.

हो, फक्त डाव्या हातासाठीही संगीत लिहिलेलं आहे! पॉल विटगेनस्टाईन नावाच्या पियानिस्टचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. त्याने मोठमोठ्या संगीतकारांकडून एका हातासाठी रचना लिहून घेतल्या. राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्सर्टो त्यातलाच. डोळे मिटून ऐका, एकच हात आहे हे पटणार नाही. एका माणसाने स्वतःच्या अडचणीवर शोधलेला उपाय काही दशकांनी दुसऱ्याच्या कामी आला. ओपन सोर्सच की!

1982 मध्ये फ्लायशरने दोन हातांनी पुनरागमन केलं. टाळ्या पडल्या, पण हात बरा झालेला नाही हे त्याला माहीत होतं. तो पुन्हा डाव्या हाताकडे वळला. 1990 च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायूंचं खोलवर मालिश, यामुळे बोटं सैलावली. बोटॉक्सने आजार जात नाही, फक्त आवळलेला स्नायू ढिला पडतो. त्यामुळे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. पण तेवढ्यावर 2004 मध्ये त्याचा ‘टू हँड्स’ अल्बम आला. त्यात बाख आहे, शुबर्ट आहे. 2020 मध्ये, 92 व्या वर्षी तो गेला.

आता आपल्याबद्दल. आमच्या टीममध्ये एक जण मनगटाला पट्टा बांधून रात्री दोनपर्यंत टाइप करतो. विचारलं की म्हणतो, “चालतंय रे, रिलीज होऊ दे.” त्याचं दुखणं कदाचित वेगळं असेल, ते डॉक्टर सांगतील. पण दुखत असताना रेटत राहणं म्हणजे डेडिकेशन, हे आपल्याला कुणी शिकवलं? फ्लायशर तरुण वादकांना नेमकं उलटं सांगायचा: दुखत असेल तर थांबा.

मला त्याचं पुनरागमन आवडतं, पण मधली तीस वर्षं जास्त आवडतात. कारण बरं होण्याची गॅरंटी नसताना त्याने विद्यार्थी घडवले, ऑर्केस्ट्रा चालवला. उद्या तुमचं मुख्य काम थांबलं, तर त्या कामात तुम्हाला नेमकं काय आवडत होतं, हे सांगता येईल का? जरा विचार करा, कमेंटमध्ये लिहा.

आणि हा एपिसोड संपला की लगेच दुसरा लावू नका. राव्हेलचा तो कॉन्सर्टो शोधा, वीसेक मिनिटांचा आहे. फोन खाली ठेवा, हातांना सुट्टी द्या आणि ऐका. भेटू पुढच्या भागात!