विजेचा लोहचुंबक

मंडळी, १८५३ साली ठाण्याला पहिली आगगाडी आली, ती वाफेवर. आज लोकल धावते ती विजेवर. मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांत वीज शिरली, की त्यांचा लोहचुंबक होतो. त्याच्या जोरावर चाके फिरतात.

आपण करून पाहू. लोखंडी खिळ्यावर रोगणाची तांब्याची तार गुंडाळू. टोके खरवडून बॅटरीच्या सेलला लावू. टाचण्या चिकटल्या! वीज तोडली, की बहुतेक गळून पडतात. वेढे वाढवले, की जोर वाढतो. वीज वाढवली, तरी वाढतो. खिळ्याऐवजी लाकूड घेतले, तर जोर फारच घटतो.

तार तापते, म्हणून क्षणभरच लावू. घरातल्या विजेला ती कधीही लावू नये. रेल्वेच्या वरच्या तारेत तर २५,००० व्होल्ट! अगदी जवळ गेले, तरी माणूस दगावतो. पोरांना हे आपणच सांगायचे.