रंकाळ्यापर्यंत चालत
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



कपिलतीर्थ मंडईत आपण सगळे आईच्या मागनं पिशवी धरून हिंडलोय. भाजी मंडईच्या नावात ‘तीर्थ’ कसं आलं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तिथं तळं होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं. आज सकाळी भवानी मंडपातून रंकाळ्यापर्यंत चालत आपण आपल्या हुंदडायच्या जुन्या जागा बघत निघालो, तर त्यातल्या निम्म्या जागा आपल्याही आधी कुणाच्या तरी पाण्याच्या होत्या.

माझे आजोबा गांधी मैदानाला शेवटपर्यंत तळंच म्हणायचे. मी टेनिस बॉल घेऊन निघालो की आजीला सांगायचे, “पोरगं तळ्यात गेलंय.” आम्हाला हसू यायचं. पावसाळ्यात मैदानात पाणी साचून क्रिकेट बंद पडलं, की मात्र म्हातारा खरं बोलतोय असं वाटायचं.

आता रंकाळा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आपल्यातले बरेच जण तिथंच पोहायला शिकले. मे महिन्यात पाणी उतरलं की संध्यामठ उघडा पडायचा, पावसाळ्यात पुन्हा बुडायचा. वर्गातल्या कॅलेंडरपेक्षा आम्हाला तो मठ जास्त कळायचा. पलीकडं शालिनी पॅलेस, अलीकडं धुण्याची चावी, तिथं कपडे आपटल्याचा आवाज आणि पाण्यात डोक्यापर्यंत बुडालेल्या म्हशी. म्हशीच्या पाठीवर उभं राहून सूर मारणारे महाभाग आज इथं पहिल्या रांगेत टाय लावून बसलेत. नावं घेत नाही, सूनबाई सोबत आहेत.

सकाळी चालताना एकानं नेहमीचं म्हणून टाकलं, “पूर्वीचं कोल्हापूर राहिलं नाही गड्या.” मला हे मान्य नाही. काठानं चालायला चांगला रस्ता झालाय, बसायला बाकं आहेत. पहाटे पाच वाजता एकट्या बायका बिनघोर फिरताना दिसल्या. आपल्या आयांना हे सुख कुठलं? रडायचं तर पाण्यासाठी रडू या. उपनगरांचं सांडपाणी नाल्यांतून तळ्यात येत राहिलं, केंदाळ माजलं, काढलं, पुन्हा माजलं. आज पाण्याला हिरवी झाक होती आणि पदपथावर एवढी गर्दी असून पाण्यात एकही पोरगं नव्हतं. आपणही नातवंडांना “लांबनं बघ” असंच सांगतो.

मला भीती वाटते ती याची. तळं बुजवायला ट्रकभर माती शेवटी लागते. त्याआधी लोक पाण्यात उतरायचे थांबतात, मग पाण्याकडं पाठ करून बसतात, मग घाण टाकली तरी कुणाला काही वाटत नाही. कपिलतीर्थाचं असंच झालं असेल, असा माझा आपला अंदाज. रंकाळा बुजवण्याएवढा लहान नाही, हे खरं. पण पाठ करून बसायला आपण सुरुवात केलेलीच आहे.

म्हणून एक सुचवतो. दरवर्षी स्नेहमेळाव्यात जेवणावर जो खर्च होतो, त्यातला एक गोड पदार्थ कमी करू. तांबडा-पांढरा राहू दे, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. त्या पैशातून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, चार ठिकाणचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेऊ. आपल्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले दोघं आहेत, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली एक मैत्रीण आहे. आकडे समजून सांगायचं काम त्यांचं. ते आकडे घेऊन महापालिकेत जाणं आणि पुन्हा पुन्हा जाणं आपल्या सगळ्यांचं. रिकामा वेळ आता आपल्याकडं भरपूर आहे.

पहिला नमुना संध्यामठाजवळचा घेऊ. उद्या सकाळी सहा वाजता रंकाळा टॉवरपाशी जमू. बाटल्या मी आणतो.