बोटीच्या इंजिनाचं टायमिंग



मर्क्रूझर या ब्रँडची पेट्रोलवर चालणारी अनेक व्ही-एट इंजिनं बोटीच्या पोटात बसवलेली असतात. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात ठिणगी कधी पडावी, म्हणजेच टायमिंग, हे संगणक ठरवतो. अशा इंजिनांच्या जुन्या बनावटीत मूळ टायमिंग जुळवायला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मात्र हातानंच फिरवावा लागतो.

घोळ होतो तो इथेच.

मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवत असतो. त्याच वेळी संगणक टायमिंग मागे-पुढे करत असतो. मग टायमिंग लाइटच्या उजेडात दिसणारी खूण खरी कशी मानायची?

म्हणून आधी संगणकाला सर्व्हिस मोडमध्ये न्यायचं. त्यासाठी खास जोडणी किंवा स्कॅनर लागतो. आता संगणक टायमिंग एका जागी धरून ठेवतो.

इंजिन गरम असावं. थंड करणारं पाणी चालू असावं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट किंचित सैल करायचा. खूण जुळली, की बोल्ट आवळायचा आणि खूण पुन्हा पाहायची. टायमिंगचे अंश किती, ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

एवढी काळजी कशासाठी? मोटारीला उतार मिळतो, बोटीला मिळत नाही. तिचं इंजिन सतत पाणी रेटत असतं. ठिणगी फार लवकर पडली, तर या भाराखाली नॉकिंग होतं आणि पिस्टन फुटू शकतो.

पुन्हा सांगायचं, तर आधी सर्व्हिस मोड, मगच डिस्ट्रिब्युटर. काम झालं, की जोडणी काढायची.

आणि श्रोतेहो, पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान 4 मिनिटं जरूर चालवा.