विझलेल्या अणुभट्टीचे छायाचित्र



कोयनेचे वीजघर आपण जाणता. मुंबईला ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ मात्र विजेसाठी नव्हती. ती भारतातील पहिली संशोधन-अणुभट्टी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली, २००९ साली थांबली. चालू असता तिच्या कुंडातील पाण्यात निळी प्रभा फाके. इंधन काढले की ती प्रभा मावळते. मग छायाचित्र घ्यावयाचे कशाचे, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे, की भिंतींचे, नळांचे, सांध्यांचे, गंजाचे! भट्टी उकलणाऱ्या कामगाराला कोठे काय आहे हे आधीच चित्रात दिसले, तर आत थोडाच वेळ थांबावे लागते. तेवढा किरणोत्सर्ग त्याच्या अंगाला कमी लागतो. हे किरण कॅमेऱ्यालाही सोडीत नाहीत. फिल्म धुरकटते, अंकीय चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. त्यात नवल नाही. १८९६ साली बेकरेलला युरेनियमचे हे किरण उमगले, तेही छायाचित्राच्या काळवंडलेल्या काचेवरूनच.

२०१८ साली ट्रॉम्बेला ‘अप्सरा-यू’ सुरू झाली. नव्याचे स्वागत आपण करतोच. परंतु जनतेच्या पैशाने पेटलेली भट्टी विझली कशी, याचीही नोंद जनतेपाशी असावी, एवढेच आमचे मागणे आहे.