आपण यांना पाहिलंत का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मुंबई दूरदर्शनवर पूर्वी एक कार्यक्रम लागत असे, ‘आपण यांना पाहिलंत का?’ तुमच्यापैकी पुष्कळांना तो आठवत असेल. पडद्यावर एक फोटो यायचा. मग नाव, वय आणि एकसुरी आवाजातलं वर्णन : रंग सावळा, उंची पाच फूट चार इंच, अंगात निळा सदरा, पायात चपला. तो फोटो जायचा, दुसरा यायचा. बहुतेक घरांत ही वेळ पानं घेण्याची असे. आमच्याकडे मात्र आत्या आलेली असली, की तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गिरणगावात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या चुली अडल्या. मामा गावी परतले. आमचा माण तालुका, शेती कोरडवाहू. दोन वर्षं त्यांनी कशीबशी काढली. १९८४ च्या मे महिन्यात, ‘हिशेबाचे पैसे मिळतात का बघून येतो,’ म्हणून ते एसटीत बसले. त्यानंतर पत्र नाही, मनीऑर्डर नाही, निरोप नाही. मुंबईतल्या खोलीवर ते पोचलेच नव्हते, हे आम्हाला नंतर कळलं.

नंतर म्हणजे किती? पाच महिन्यांनी. पहिले दोन महिने सगळे म्हणत होते, ‘काम शोधत असतील, येतील.’ पुढचे तीन महिने, ‘चारचौघांत बोभाटा नको.’ पोलीस ठाण्यात नोंद झाली ती ऑक्टोबरात. तिथे विचारलं, अंगात सदरा कोणत्या रंगाचा होता? आत्याला आठवेना. फोटो मागितला, तर घरात लग्नातला तेवढा एक. मुंडावळ्या बांधलेला वीस वर्षांचा मुलगा. चाळिशीला आलेल्या माणसाला त्यावरून कोण ओळखणार? मी तेव्हा तालुक्याला नुकतीच वकिली सुरू केली होती. कायदा मला घरात सर्वांत जास्त कळत होता. पण ‘येतील’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

सदऱ्याचा तो रंग आत्या पुढे आयुष्यभर आठवत राहिली. कधी म्हणायची पांढरा, कधी पिवळट.

माणूस मेला तर काय करायचं, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. दहावा आहे, तेरावा आहे, भेटायला येणारी माणसं आहेत. माणूस बेपत्ता झाला तर काय करायचं, याची रीत आपल्याकडे नाही. संक्रांतीला आत्याला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, याची गावातल्या बायकांना पंचाईत पडे. बोलावलं तर ती जाई आणि दाराशी बसे. वटपौर्णिमेला ती वडाला गेली तर मागे कुजबुज, नाही गेली तरी कुजबुज. ‘बेपत्ता’ शब्द आपण गेलेल्या माणसाला लावतो. खरं तर मागे राहिलेल्या माणसाचाच पत्ता हरवतो. ती सवाष्णही नाही आणि विधवाही नाही.

मराठी माणसाला हे दुःख नवीन नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. भाऊंचं म्हणून एक शव सापडल्याचं आणि त्याला अग्नी दिल्याचं सांगितलं गेलं, पण शंका राहिलीच. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, चौकशा झाल्या आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. एका तोतयामागे इतकी माणसं का गेली, याचं उत्तर राजकारणात आहेच. पण ‘कदाचित खरंच असेल’ हे तीन शब्द त्याहून बलवान असावेत. पार्वतीबाई १७८३ मध्ये गेल्या. बावीस वर्षं त्या वाट पाहत होत्या.

दोनशे वर्षांनंतरची गोष्ट घ्या. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या दमयंती तांबे. त्यांचे पती, हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, यांचं विमान डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात पडलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. युद्धकैदी परत आले, त्यांत ते नव्हते. अशा बेपत्ता सैनिकांच्या यादीत ५४ नावं आहेत. २००७ मध्ये त्यांच्या काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. कुणीही सापडलं नाही. मृत्यूचा पुरावा मात्र त्यानंतरही हाती आला नाही.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. अशा दुःखाला त्यांनी ‘अनिश्चित वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या माणसांना ‘आता विसरा’ म्हणू नये आणि ‘नक्की येतील’ असंही म्हणू नये. त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत असतात, त्या नांदू द्याव्यात. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. आत्याकडून मात्र ते मला आधीच समजलं होतं. ते कसं, ते सांगतो.

१९९९ साली आत्याच्या धाकट्या मुलाला विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज हवं होतं. सातबारा मामांच्या नावावर. वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला पाहिजे, आणि तो कुठून आणणार? मी दावा तयार केला. १८७२ च्या पुरावा कायद्यात याची सोय होती. माणूस गेल्या तीस वर्षांत कधी जिवंत असल्याचं ठाऊक असेल, तर तो मेला हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं, असं १०७ वं कलम सांगत होतं. पण ज्यांना त्याची खबर सहज लागली असती, अशांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं, असं १०८ वं. १ जुलै २०२४ पासून हा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यातही ११० आणि १११ व्या कलमांत हीच सात वर्षं कायम आहेत.

मी आत्याला दावा वाचून दाखवला. अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे केलं. तिनं हात मागे घेतला.

‘मृत समजावं म्हंजी? ते गेलं, असं न्हाई न्हवं लिवलंय?’

‘नाही आत्या. नुसतं समजावं, असं लिहिलंय.’

‘मग उद्या आलं तर?’

‘आले तर जमीन त्यांचीच.’

श्रोतेहो, मी तिची समजूत घालत होतो असं तुम्हाला वाटेल. पण कायदा खरोखरच एवढंच म्हणतो. माणूस मेला हे कायदा बघायला जात नाही. इतके दिवस वाट पाहिल्यावर मागच्यांची अडवणूक होऊ नये, एवढ्यासाठी तो एक गृहीत धरतो. तो कधी मेला, हेही गृहीत धरत नाही. २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. बेपत्ता माणसाची विमा पॉलिसी असेल, तर निकाल हाती येईपर्यंत हप्ते बंद करू नका.

आत्यानं अंगठा उठवला. शाई पदराला पुसली आणि म्हणाली, ‘जमिनीचं तुमी बगा. कुंकवाचं मी बगंन.’

दोन वर्षांनी निकाल लागला. त्या पाच महिन्यांच्या उशिरानं झालेल्या नोंदीनंच शेवटी आम्हाला तारलं, कारण कागद म्हणून तेवढा एकच होता. म्हणून आज हात जोडून सांगतो. माणूस घरी आला नाही तर चोवीस तास थांबावं लागतं, असा नियम कुठेही नाही. लगेच पोलीस ठाण्यात जा, ‘मिसिंग’ची नोंद करा, तिचा क्रमांक आणि प्रत मागून घ्या. मूल हरवलं असेल तर १० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार गुन्हाच नोंदवावा लागतो, आणि तो अपहरण किंवा मुलांचा व्यापार धरून. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवा. घरातल्या प्रत्येकाचा, विशेषतः विसर पडू लागलेल्या आजीआजोबांचा, अलीकडचा फोटो जवळ असू द्या. आणि बाहेर जाणाऱ्याच्या अंगात कोणत्या रंगाचे कपडे आहेत, तेवढं बघून ठेवा.

दुसरी विनंती आपल्या सगळ्यांना. हरवलेली माणसं अदृश्य झालेली नसतात. ती कुठल्या तरी स्टेशनवर, कुठल्या तरी पुलाखाली कुणाला तरी दिसत असतात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मुंबईच्या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानं १९८८ मध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसांसाठी काम सुरू केलं. करवंटीनं गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचार झाल्यावर कळलं, की तो पदवीधर आहे आणि दूर त्याचं घर आहे. त्यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेच्या कर्जतच्या केंद्रातून अशी हजारो माणसं बरी होऊन देशभर आपापल्या घरी पोचली. २०१८ मध्ये डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला आपण वेडा म्हणून वळसा घालतो, तो कुणाच्या तरी घरातला फोटो असू शकतो. मी अजूनही स्टेशनवर चिकटवलेल्या कागदांवरचे चेहरे थांबून बघतो. मामा आज असते तर ऐंशीच्या घरात असते. त्यांना शोधतो असं नाही. पण पाच महिने मी थांबलो होतो, तेव्हा आता दोन मिनिटं थांबायला हरकत नाही.

आत्या २०११ मध्ये गेली. अंगणात तिला ठेवलं तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला. पाठवणी कशी करायची? सवाष्णीसारखी की नाही? भावकीतली मंडळी हळू आवाजात बोलत होती. कोर्टाच्या निकालाची आठवण कुणीतरी मलाच करून दिली. मी काही बोलायच्या आत तिची धाकटी सून आतून हिरवं लुगडं, हिरवा चुडा आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. सासूच्या कपाळाला तिनं मळवट भरला आणि ओटी भरली. कुणीही हरकत घेतली नाही. मीही नाही. निकाल जमिनीपुरता होता.