कष्टकऱ्यांनी वाचावेत असे चार ग्रंथ



कामगार चळवळीतला माणूस पुस्तकांवर बोलायला उभा राहिला, की श्रोत्यांना वाटते, आता हा मागण्यांची यादी वाचणार. तसे काही नाही. आमची शाळा लवकर सुटली; पुढचे शिकलो ते वाचनालयांत. गेल्या वर्षभरात वाचनात आलेल्या चार ग्रंथांची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू. चारही निरनिराळ्या प्रकारचे आहेत, आणि तसे ते मुद्दामच निवडले आहेत.

पहिला ग्रंथ इतिहासाचा. मीना मेनन व नीरा आडारकर यांचा 'कथा मुंबईच्या गिरणगावची'. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. एवढे कोणीही सांगेल. या ग्रंथात मात्र गिरणगावची माणसे स्वतः बोलतात. त्यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही, आणि लेखिकांनी ते ओढूनताणून जुळवलेलेही नाही. सभेत हात वर करणाऱ्यांच्या मनात काय काय असते, हे ज्याला जाणायचे असेल त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा.

पण त्या संपाने घरात काय केले, ते नाटकाला विचारावे. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक चाळीतल्या धुरी कुटुंबाचे आहे. गिरणी गेली, तशी आईच्या डोळ्यांदेखत मुलांची आयुष्ये भरकटली. इतिहास अडीच लाखांचा आकडा देतो. नाटक त्यातले एक दार उघडते. ही दोन्ही पाठोपाठ वाचावीत.

तिसरी कादंबरी, कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जुन्या रानात जातो, आणि म्हैस तर आता रानाची झालेली! आपल्या वणीच्या आसपास ओझरखेड, पुणेगाव, करंजवण ही धरणे आहेत. द्राक्षाचा घड हाती आला म्हणजे आपल्याला पाणी आठवते. त्या पाण्याखाली कोणाची तरी जमीन गेली, हे आठवत नाही. बागाईतदारांनी आणि मजुरांनीही ही कादंबरी वाचावी.

चौथे आत्मकथन, ऊर्मिला पवार यांचे 'आयदान', २००३ सालचे. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून संसार चालवी. आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचे नाते लेखिका जोडते. दलित स्त्रीला घराबाहेर जातीशी झगडावे लागते आणि घरातही झगडा चुकत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. आमच्या पुरुष कार्यकर्त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे.

आता कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असलेल्याला या वाचनाचा उपयोग काय? हंगामात पेठ-सुरगाण्याकडून बागांवर माणसे येतात. तक्रारीचा अर्ज लिहायला बसले, की 'आम्ही गरीब मजूर आहोत' या वाक्यापुढे त्यांची लेखणी हलत नाही. किती दिवस काम केले, ठरले काय, हाती पडले काय, पोर आजारी पडले तेव्हा काय झाले, हे क्रमाने सांगणे ही एक विद्याच आहे. ज्याला आपली हकीकत सांगता येत नाही, त्याच्याबद्दल दुसरा सांगेल तेच खरे ठरते. ही चार पुस्तके ती विद्या चार प्रकारांनी शिकवतात.

म्हणून विनंती एवढीच, की वाचनालयात ही पुस्तके मागा. नसतील तर मागणी नोंदवा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना रोज संध्याकाळी चार पाने वाचून दाखवा. ऐकणारा मध्येच थांबवून 'आमच्याकडेही असेच झाले' म्हणाला, तर पुस्तक खाली ठेवा आणि त्याचे ऐका.